दुसरा प्रश्न

"निकम, हे तुमच्या अक्षरात उतरवून काढा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तीन कागद माझ्यापुढे सरकवले. "माझं अक्षर मलाच लागत नाही, तुम्हाला विंगेतल्या अंधारात काय लागणार?"

रविवारची सकाळ होती. आमचा मुक्काम माझ्याच जिल्ह्याच्या गावी, विश्रामगृहात होता. दुपारी चारला प्रयोग. बाई खिडकीशी बसून बशीत ओतलेला चहा पीत होत्या. त्यांचं वय तेव्हा चौसष्ट. बाई म्हणजे कुमुदिनी आठल्ये. त्या काळात हे नाव लागलं की नाट्यगृहाबाहेर दोन दिवस आधी 'हाउसफुल्ल'चा फलक लागायचा. आणि मी यशवंत निकम, त्यांचा प्रॉम्प्टर. बावीस वर्षं विंगेत वही आणि बॅटरी घेऊन उभा. मला बघायला कोणी तिकीट काढलं नाही, आणि माझं नाव जाहिरातीत कधी आलं नाही. पण बाईंचा शब्द अडला की पुढचा शब्द त्यांच्या कानात घालणारा मी. नटाचं थांबणं कधी अभिनयाचं आणि कधी विसरण्याचं, हे ओळखणं हीच आमची विद्या. शिवाय बाईंची एक खूण होती. खरंच विसरल्या तर डाव्या हातातली बांगडी त्या उजव्या हाताने एकदा फिरवत. प्रेक्षकांना वाटायचं, काय बाई ही लकब!

मी कागद वाचले, मग पुन्हा पहिल्यापासून वाचले.

त्या वर्षी आपली फौज समुद्रापलीकडे शांतता राखायला गेली होती. रेडिओ रोज सांगायचा की सगळं आलबेल आहे. पण आमच्या तालुक्यात आठ-पंधरा दिवसांनी कुठल्या ना कुठल्या गावात तार यायची. शांतता राखायला गेलेल्यांना गोळ्या कशा लागतात, हे कोणी कोणाला विचारत नव्हतं. मुंबईतल्या काही नामवंतांनी तेवढ्यात एक पत्रक काढलं होतं. त्यात दोन सिनेनट होते, एक मोठे गवई होते, एक क्रिकेटपटू होता. 'आमची मुलं कशासाठी मरताहेत याचा हिशेब पुढाऱ्यांनी द्यावा,' असा त्याचा मतलब. पत्रकावर पहिली सही बाईंची होती. त्यानंतर त्यांच्या दारावर कोणीतरी डांबर फासलं. दोन ठिकाणचे प्रयोग रद्द झाले. आजचा प्रयोग सैनिक कल्याण निधीसाठी होता आणि पाहुणे मंत्री होते, म्हणून तो रद्द करणं आयोजकांना परवडणारं नव्हतं.

दुसऱ्या अंकानंतर सत्कार व्हायचा होता. शाल, नारळ, आणि बाईंनी दोन शब्द बोलायचे. बाई ते दोन शब्द मंत्र्यांना उद्देशून बोलणार होत्या. प्रस्तावना त्यांना पाठ होती. खाडाखोड केलेल्या त्या तीन कागदांवर फक्त प्रश्न होते. चार.

"बाई, हे... इथेच? सगळ्यांसमोर?"

"मग कुठे? त्यांच्या बंगल्यावर मला आत तरी घेतील का?" त्यांनी बशी खाली ठेवली. "निकम, मी आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं बोलले. स्वतःचं बोलायचं म्हटलं की माझी जीभ अडते, तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून भूमिकेसारखं पाठ केलंय. तरी अडेन. तुम्ही असाल ना?"

"म्हणजे काय बाई."

बाईंनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "तुमचा उत्तम तिकडेच आहे. मी विसरलेले नाही. तुम्हाला नको वाटत असेल तर आत्ता सांगा. मी कागद हातात धरून वाचेन. चष्मा लावून वाचेन, त्यात काय मोठंसं! राग धरणार नाही."

उत्तम माझा एकुलता एक. आमच्या पिंपरवाडीत घरटी एक माणूस पलटणीत. मी नाटकाच्या नादाने त्यातून सुटलो होतो, म्हणून की काय, पोरगा अठरा भरताच भरतीच्या रांगेत उभा राहिला. त्याचं शेवटचं पत्र तीन आठवड्यांपूर्वी आलं होतं. 'इथं नारळ मायंदाळ हाईत, पण आईच्या हातची शेंगदाण्याची चटणी न्हाई,' असं लिहिलं होतं. हौसाने, माझ्या बायकोने, त्याच दिवशी चटणी कुटून पार्सल केलं होतं.

"नको कशाला वाटेल बाई," मी म्हणालो. "त्याच्यासाठीच तर आहे हे."

तेव्हा मी खरंच तसं समजत होतो. तिन्ही कागद मी एका फुलस्केपवर उतरवले, ठसठशीत अक्षरात, ओळी मोकळ्या सोडून. 'साहेब, एक. या जिल्ह्यातली किती मुलं गेली, आकडा सांगाल का? दोन. मुलगा गेल्याची बातमी आईला बारा-बारा दिवसांनी का कळते? तीन. त्यांना पाठवायचं कोणी ठरवलं, आणि त्यांतल्या कोणाचा मुलगा तिकडे आहे? चार. ती परत कधी येणार?' खाली बरीच जागा कोरी राहिली. घडी घालून कागद सदऱ्याच्या खिशात ठेवला.

*

दुपारी आयोजकांकडे जेवण होतं. माणसाने कुठे गप्प बसावं हे मला कधी कळलं नाही. वाढपी आग्रह करत होता आणि मी शेजारच्याला उत्तमची पलटण, त्याची उंची, त्याने कुस्तीत मिळवलेला फेटा, सगळं ऐकवत होतो. आयोजकांनी ते ऐकलं आणि मंत्रीसाहेब आले तशी माझी त्यांच्याशी ओळख करून दिली. "साहेब, हे निकम. यांचा मुलगा आघाडीवर आहे." साहेबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, "तुमच्यासारख्या बापांमुळे देश उभा आहे." खोटं कशाला बोलू, मी फुलून गेलो. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या पीएंनी वहीत काहीतरी टिपलं, तेही मला बरंच वाटलं.

प्रयोग वेळेवर सुरू झाला. नाटकात बाई एका न्यायाधीशाच्या आईचं काम करत. दुसऱ्या अंकाचा पडदा पडला तेव्हा टाळ्या थांबत नव्हत्या. रंगमंचावर खुर्च्या मांडायला सुरुवात झाली आणि कोणीतरी माझ्या खांद्यावर अलगद हात ठेवला. वळून पाहिलं तर पीए. माने त्यांचं नाव. मऊ बोलणारा माणूस.

"निकम, त्या पत्रकावरून बाई आज काय बोलणार आहेत, ते आम्हाला साधारण कळलंय," ते म्हणाले. "मी काही त्यांना अडवायला आलो नाही. मोठ्या कलावंत आहेत. आमच्या घरी त्यांचा फोटो आहे."

मी वहीची पानं सारखी केली.

"पोराची पलटण कुठली म्हणालात?"

मी सांगितली.

"त्याचा फौजेतला नंबर लिहून द्या. साहेबांनी एक फोन केला की महिन्याभरात पोरगं डेपोत, पुण्याला. एकुलता एक आहे ना? असल्या केसेस करतो आम्ही. आईला बरं वाटेल."

"साहेब, फार उपकार होतील," मी म्हणालो. शब्द आधी बाहेर पडले, अक्कल मागाहून आली.

"उपकार कसले. फक्त साहेबांचा मूड चांगला पाहिजे. चारचौघांत कोणाचा अपमान झाला की माणूस कसा होतो, तुम्ही जाणता." त्यांनी माझ्या हातातल्या बॅटरीकडे पाहिलं. "बाईंचं वय झालंय. विसरल्या तर कोण दोष देणार आहे? त्यांना नाही, आणि तुम्हाला तर नाहीच नाही. तुम्ही दिसताच कुठे?"

दमदाटी केली असती तर मी कदाचित ताठ झालो असतो. पण हा माणूस माझ्याशी घरच्यासारखा बोलत होता. नंबर लिहायला कागद हवा होता. खिशात तो एकच कागद. मी त्याचा खालचा कोरा कोपरा फाडला, त्यावर उत्तमचा नंबर, नाव, पलटण लिहिली आणि मान्यांच्या हातावर ठेवली. उरलेला कागद हातात घेऊन माझ्या जागी जाऊन उभा राहिलो.

शाल झाली. नारळ झाला. बाई माइकपाशी आल्या. त्यांनी प्रस्तावना केली. आवाज सुरुवातीला कापला, मग स्थिरावला. आपण या जिल्ह्यात गेली तीस वर्षं येतो, इथल्या बायका आपल्याला आई म्हणतात, म्हणून आज आईच्या अधिकाराने साहेबांना चार प्रश्न विचारायचे आहेत, असं म्हणाल्या. नाट्यगृह गपगार झालं. खुर्चीचा आवाज येईना.

"साहेब," बाई म्हणाल्या, "या जिल्ह्यातली किती मुलं गेली, आकडा सांगाल का?"

मागच्या रांगांमधून एका बाईचा हुंदका आला. तो दाबलेला नव्हता, मोकळा होता. साहेबांचा चेहरा मला विंगेतून दिसत होता. तो हसरा चेहरा तसाच होता, पण त्याच्या मागून माणूस निघून गेला होता. आणखी एक प्रश्न, फक्त एक, आणि ते सभागृह उठून उभं राहिलं असतं. मी बावीस वर्षं प्रेक्षकांचा श्वास ऐकत आलोय. मला कळतं.

"आणि दुसरं..." बाई म्हणाल्या. थांबल्या.

मी वाट पाहिली. वाटलं, अभिनयाचं थांबणं असेल. देवा, तसंच असू दे.

बाईंनी डाव्या हातातली बांगडी फिरवली.

माझ्या हातात कागद होता. बॅटरीचा उजेड बरोबर त्या ओळीवर होता. 'मुलगा गेल्याची' एवढंच म्हणायचं होतं, बाकीचं त्यांच्या तोंडून धो धो आलं असतं. माझे ओठ उघडलेसुद्धा. आणि डोळ्यांपुढे आली हौसा, उखळात चटणी कुटणारी.

बाईंनी पुन्हा बांगडी फिरवली. दुसऱ्यांदा. बावीस वर्षांत कधी दुसऱ्यांदा फिरवावी लागली नव्हती.

मी बॅटरी विझवली.

ती शांतता किती वेळ होती, सांगता येणार नाही. मागून कोणीतरी खुदकन हसलं. कोणीतरी कणवेने टाळ्या वाजवल्या, त्या पसरल्या. साहेब उठले, त्यांनी बाईंना दंडाला धरून हलकेच खुर्चीवर बसवलं आणि माइक हातात घेतला. "आई थकल्यात," ते म्हणाले. "आईच्या मनातलं लेकराला न सांगता कळतं." आणि पुढे पंधरा मिनिटं शूरवीरांवर बोलले. लोक रडले. जिच्या पोटात तो हुंदका होता ती बाईसुद्धा त्यांच्याच भाषणावर रडली असेल.

तिसऱ्या अंकात बाईंचा एक शब्द चुकला नाही. बांगडीला त्यांनी हात लावला नाही.

प्रयोग संपल्यावर रंगपटात गेलो. त्या आरशासमोर बसून चेहरा पुसत होत्या. आरशातूनच म्हणाल्या, "बॅटरी गेली होती का निकम?"

त्यांनी मला पळवाट दिली, आणि मी तिच्यातून पळालो. "हो बाई. सेल गेले."

त्यांनी हात पुढे केला. मी बॅटरी दिली. त्यांनी बटण दाबलं. भिंतीवर लख्ख उजेड पडला. त्यांनी ती विझवली आणि माझ्या हातात परत दिली. एवढ्यात एक वार्ताहर दारात आला. "बाई, नेमकं काय झालं?"

"काय व्हायचंय?" बाई हसून म्हणाल्या. "वय झालं. विसरले."

*

सोमवारी पेपरात आलं, 'ज्येष्ठ अभिनेत्रीला भर सभेत विस्मरण.' त्याच आठवड्यात कुठल्याशा सभेत एक पुढारी बोलून गेला, "ज्यांना स्वतःचे प्रश्न आठवत नाहीत, त्यांना सही कशावर केली ते तरी आठवतंय का?" लोक हसले म्हणे. गवयांनी खुलासा केला की त्यांनी बाईंच्या भिडेखातर सही केली होती. सिनेनट चित्रीकरणासाठी कुठेतरी निघून गेले. क्रिकेटपटू काहीच बोलला नाही. जमलेली मोळी एक काटकी ओढल्यावर सुटते तसं झालं, आणि ती काटकी मी ओढली होती. पण त्या सोमवारी मी मनाची समजूत घालत होतो की महिन्याभरात पोरगं पुण्याला येईल.

दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी दुपारी तार आली.

मी घरीच होतो. पोस्टमन सायकलवरून उतरला, त्याने टोपी काढली, तेव्हाच हौसाने ओळखलं. तारेतली तारीख मी वाचली. मग पुन्हा वाचली. बोटांवर दिवस मोजले, पुन्हा मोजले. उत्तमला जाऊन अकरा दिवस झाले होते. मी मान्यांना नंबर लिहून दिला त्या दिवशी माझं पोरगं जिवंतच नव्हतं. रविवारी मी ज्याला वाचवत होतो, तो आदल्या शुक्रवारच्याही आदल्या शुक्रवारीच गेला होता. आणि जे वाक्य मी गिळलं होतं, ते नेमकं हेच विचारत होतं.

हौसा ओरडली नाही. "आन् माजी चटणी?" एवढंच म्हणाली. "ती कुटं ग्येली?" मग जात्यापाशी बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी तिने माझा सदरा धुवायला काढला. खिशात कागद होता. मी फेकायचा विसरलो होतो, की फेकवत नव्हता, आज सांगता येत नाही. हौसा चौथी शिकलेली. उंबऱ्यात बसून तिने अक्षरावर बोट ठेवून सगळं वाचलं. मी परसात होतो. ती आली तेव्हा तिचे डोळे वेगळे दिसत होते.

"ह्ये तुमी ल्हिवलंय?"

मी मान हलवली. अक्षर माझंच होतं.

"त्या मंत्र्याला इचारनार हुता? रयवारी?"

मला सांगायला हवं होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण जाळणाऱ्यालाही कळतं, फक्त तो बोलत नाही. मी म्हणालो, "जमलं नाही."

"आसूं द्या," ती म्हणाली. त्या पाच दिवसांत पहिल्यांदा तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. "इचारायचं मनात आनलं, त्येच लय झालं. मला वाटायचं, तुमचं समदं दुसऱ्याचंच. ह्ये तुमचं हाय." आणि तिने तो कागद उत्तमच्या फोटोच्या चौकटीत, काचेच्या आत, खालच्या बाजूला नीट बसवला.

तेराव्याला बाई आल्या. मुंबईहून एस्टीने, एकट्या. आमच्या घराला पायऱ्या आहेत, त्या चढताना त्यांना धाप लागली. गावातल्या बायकांनी त्यांना ओळखलं, पण कोणी कुजबुजलं नाही. त्या हौसाशेजारी घोंगडीवर बसल्या, तिचा हात मांडीवर घेतला. मी खांबाला टेकून उभा. बाईंच्या बरोबर समोर फोटो होता, आणि फोटोच्या चौकटीत तो कागद.

"बाई, ह्ये बगा," हौसाच उठली. फोटो भिंतीवरून काढून तिने बाईंच्या मांडीवर ठेवला. "ह्यांनी ल्हिवलंय. मंत्र्याला इचारनार हुतं. उत्तमचं कळायच्या आदीच ल्हिवलंय बगा, बापाच्या काळजाला कळतंय न्हवं."

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. चारही प्रश्न त्यांनी वाचले. त्यांचेच. रात्रभर जागून लिहिलेले, पाठ केलेले, ज्यांच्यापायी त्यांचं नाव मातीत गेलं ते. वाचून झाल्यावर त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"हो," त्या हौसाला म्हणाल्या. "अक्षर निकमांचंच आहे."

हौसा डोळे पुसत होती. बाईंनी काचेवरून बोट फिरवत खाली आणलं आणि जिथे कागद फाटला होता तिथे थांबवलं.

"आणि हा कोपरा?" त्यांनी विचारलं. आवाज साधा होता. मग त्यांनी डाव्या हातातली बांगडी एकदा फिरवली.

तो प्रश्न मला होता. हौसा माझ्याकडे बघत होती, तिलाही ते कधीचं विचारायचं होतं. एक वाक्य होतं. तेच वाक्य बोलून मी त्या दोघींच्या पायांवर डोकं ठेवू शकलो असतो. बाई थांबल्या. त्यांना थांबता येत असे. किती वेळ थांबायचं, हे त्यांच्याइतकं रंगभूमीवर कोणाला कळलं नाही.

मी खाली बघत राहिलो.

"असू दे," बाई म्हणाल्या. त्यांनी फोटो हौसाच्या हातात दिला. "वाचता येतंय सगळं."

त्यानंतर त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या नाहीत. सात वर्षांनी गेल्या. विसरभोळ्या म्हणूनच गेल्या. हौसा मागच्या वैशाखात गेली. जाईपर्यंत घरी आलेल्या प्रत्येकाला ती तो कागद दाखवायची आणि मी विचारणार होतो ते चार प्रश्न मोठ्याने वाचायची. दुसऱ्या प्रश्नाशी तिचा आवाज अडायचा, आणि मग ती माझ्याकडे बघायची. पुढचा शब्द मीच द्यायचो.